निमुळता पाय कॅडमध्ये: दोनच बाजूंनी कसा काढायचा?

तिफणवाला

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसताच वाचत होतो, आज पहिला धागा काढून राह्यलो. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

वरोऱ्याकडच्या एका खेड्यात राहतो. घरचं सुतारकाम. आजोबांचं आयुष्य बंड्या, वखर, तिफणी यातच गेलं. बाबांनी दारं-खिडक्या केल्या. मी आयटीआय करून टेबल-खुर्च्यांच्या नादी लागलो. मागच्या महिन्यात नागपूरचं गिऱ्हाईक मिळालं. सहा माणसांचं जेवणाचं टेबल, सागवानात. पण बाईंची अट अशी की आधी कॉम्प्युटरवर चारही बाजूंनी फिरवून दाखवा, मग इसार.

म्हणून फ्रीकॅड नावाचं कॅडचं (कॉम्प्युटरवर नकाशे-आकार काढायचं) सॉफ्टवेअर शिकतोय. फुकट आहे आणि नेट गेलं तरी चालतं, हे दोन गुण आमच्या गावाला पुरे. लॅपटॉप जुना, 4 जीबी रॅमचा.

वरचा फळा, फ्रेम, सगळं जमलं. अडलंय ते पायाशी. पाय असा हवा: उंची 710 मिमी, वर 50 बाय 50 चा चौकोन. वरचे 100 मिमी सरळ, कारण तिथे फ्रेमच्या पट्ट्या येऊन बसतात. तिथून खाली 610 मिमीत निमुळता होत होत जमिनीवर 25 बाय 25. पण उतार फक्त आतल्या दोन बाजूंना. बाहेरच्या दोन बाजू वरपासून खालपर्यंत ओळंब्यात.

मी केलं काय, तर चौकोन काढून तो खालच्या दिशेने पॅड केला (म्हणजे ओढून ठोकळा केला) आणि टेपर अँगलच्या, म्हणजे उताराच्या कोनाच्या, खणात 2.3 टाकलं. पाय खाली जाता जाता सुजतच गेला. मग उणे 2.3 टाकलं तर चारही बाजूंनी निमुळता झाला आणि तळाशी उरला 1 मिलिमीटर. बाबा मागे उभे होते. म्हणाले, "टेबल करून राह्यला का दाभण?"

दोनच बाजूंना उतार द्यायची सोय कुठे आहे?

पऱ्हाटी

दाभण 😂 हसून हसून पुरेवाट. बाबांना नमस्कार सांगा.

भैताड_इंजिनीअर

दाभण कशी झाली त्याचं गणित देतो, रिकामटेकडाच आहे.

दोन बाजूंच्या उतारात प्रत्येक बाजूने 610 मिमीत 25 मिमी खायचे आहेत. 25 भागिले 610, त्याचा कोन साधारण 2.35 अंश. तुमचा 2.3 त्याच्या जवळपासच होता, म्हणजे हिशोब बरोबर. पण पॅडचा टेपर चारही बाजूंना एकदम लागतो. समोरासमोरच्या दोन बाजूंनी प्रत्येकी साडेचोवीस गेले, 49 झाले. 50 तून 49 गेले, उरला 1. कॉम्प्युटर बिचारा प्रामाणिक आहे.

चारही बाजूंनी निमुळता करून तळाशी 25 हवा असता तर कोन अर्धा लागला असता, 1.17 च्या आसपास.

आणि सुजण्याचं कारण: फ्रीकॅडच्या पॅडमध्ये अधिक कोन म्हणजे बाहेर पसरणारा. ऑटोकॅडमध्ये याच्या नेमकं उलट, तिथे अधिक कोन आत घेतो. एकावरून दुसऱ्यावर गेलेल्या माणसाचा पहिला पाय सुजलेलाच निघतो.

बाभूळकाटा

मी जरा वेगळंच बोलतो, राग मानू नका.

पायाला उतार द्याले कॉम्प्युटर कायले पायजे? वरच्या सरळ भागाच्या खाली एक टिंब, बुडाशी एक टिंब, पट्टी ठेवली, पेन्शीलनं रेघ मारली, करवत चालवली, रंधा मारला. झालं. माह्या बापानं बाजेचे खूर वाकसानं तासले, एक कोन मोजला नाही जिंदगीत. तुमचं हे पॅड न् टेपर होईस्तोवर आमचे चार पाय उभे राह्यते.

कुहू

बाभूळकाटा काका, राग नाही, पण गिऱ्हाईक बदललं आहे त्याचं काय? मी अमरावतीत घरांच्या आतल्या सजावटीची कामं करते. दहा वर्षांपूर्वी लोक सुताराच्या वहीतलं चित्र बघून हो म्हणायचे. आता मोबाईलवर फिरवून बघितल्याशिवाय हात खिशात जात नाही. तिफणवाल्याचं गिऱ्हाईक इसार देणार आहे तो त्या चित्रावर.

मूळ प्रश्नाबद्दल: मी स्केचअप वापरते. तिथे हे काम फार सोपं आहे. 100 मिमीचा सरळ ठोकळा काढायचा, मग कंट्रोल दाबून पुश-पुल केलं (बाजू धरून ओढली) की मध्ये रेघ राहते आणि पुढचे 610 मिमी वेगळे मिळतात. आता तळाचा चौकोन निवडायचा, स्केल घ्यायचं, आतल्या कोपऱ्याची मूठ धरायची आणि 0.5 टाकायचं. समोरचा कोपरा जागचा हलत नाही, त्यामुळे बाहेरच्या दोन बाजू आपोआप सरळ राहतात. कंट्रोल दाबून स्केल केलंत तर मात्र मध्यापासून आकसतो आणि चारही बाजूंना उतार येतो.

फक्त एक लक्षात ठेवा, डावा पाय आणि उजवा पाय वेगळा लागतो. दोन काढा आणि दोन आरशात घ्या.

तिफणवाला

ताई, स्केचअपची फुकटची आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते ना? मग आमच्याकडे अवघड आहे. नेट मिळवाले गच्चीवर जावं लागते, अन् लॅपटॉपच्या बॅटरीत जीव नाही. गच्चीवर प्लग नाही.

रिकामी_मोट

गच्चीवर प्लग बसवा, सुतारकाम सोडा, वायरमन व्हा. आपल्याकडे वायरमनला जास्त मान आहे. डीपी जळाली की सरपंच त्याच्या घरी जातो.

ओळंबा

मी मूळचा गोंदियाकडचा, सध्या पुण्यात डिझाइनच्या कामात. फ्रीकॅड रोज वापरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक सवय लावा. पायाचा *बाहेरचा कोपरा* मूळबिंदूवर ठेवा. चौकोन मध्यावर काढायचा मोह होतो, पण तुमच्या पायात मध्य कामाचाच नाही. न हलणारी गोष्ट एकच, बाहेरचा कोपरा. तो मूळबिंदूवर असला की बाहेरच्या दोन सरळ बाजू आपोआप दोन उभ्या प्रतलांवर येऊन बसतात आणि पुढचं निम्मं काम संपतं.

आता तीन वाटा आहेत.

पहिली, लॉफ्ट, म्हणजे दोन आकार देऊन मधला भाग भरून घेणं. तळाशी 25 चा चौकोन, 610 उंचीवर 50 चा चौकोन, दोघांचाही कोपरा मूळबिंदूच्या उभ्या रेषेत. अ‍ॅडिटिव्ह लॉफ्ट मारा, वर 100 चं पॅड चढवा. झाला पाय. धोका एवढाच की खालच्या चौकोनाचे कोपरे गोल केलेत आणि वरचे तसेच ठेवलेत तर दोन आकारांच्या कडांची संख्या जुळत नाही आणि पाय पिळल्यासारखा निघतो. गोलाई शेवटी द्या.

दुसरी, ड्राफ्ट. निवडक बाजूंना उतार देणारं हत्यार हेच. बाजू निवडा, कोन टाका आणि 'न्यूट्रल प्लेन' सांगा, म्हणजे ज्या पातळीवर माप बदलायचं नाही ती पातळी. तुमच्या बाबतीत सरळ भाग संपतो तिथली. पण इथे एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात संध्याकाळभर पडून होतो. वरचे 100 आणि खालचे 610 असे दोन पॅड केले, तरी दोघांच्या बाजू एकाच पातळीत असल्यामुळे फ्रीकॅड त्या जोडून एक करून टाकतं. मग ड्राफ्ट लावला की सरळ भागालाही उतार येतो. उपाय: पॅडच्या गुणधर्मांत 'रिफाइन' नावाचा खण आहे, तो बंद करा. मधली रेघ राहते आणि खालचीच बाजू निवडता येते.

तिसरी, पॉकेट, म्हणजे ठोकळ्यातून आकार कापून काढणं. आधी सरळ 710 चा ठोकळा. मग बाजूने बघून एक लांब त्रिकोण काढा, 610 उभा, 25 आडवा, आणि आरपार कापून टाका. पुन्हा दुसऱ्या बाजूने तेच.

मी तिसरी वाट घेतो.

बाभूळकाटा

म्हंजे रेघ मारून करवत चालवली! मंग मी काय सांगून राह्यलो होतो?

ओळंबा

काका, तेच सांगितलंत. मी फक्त करवत बदलली.

अर्धा_सूत

ओळंब्याच्या तिसऱ्या वाटेला दणदणीत अनुमोदन. मी परतवाड्याकडे फर्निचर करतो, वीस-बावीस वर्षं झाली. कॅड मला मुलाने शिकवलं, तेही जबरदस्तीने.

पॉकेटची वाट चांगली असण्याचं खरं कारण ओळंब्याने लिहिलं नाही. पायाला पट्ट्यांसाठी खाचा पाडायच्या असतात. त्या *आधी* पाडायच्या, पाय चौकोनी ठोकळा असतानाच. उतार नंतर. नवीन पोरं उलट करतात. एकदा उतार दिला की पाय बाकावर धड बसत नाही, हलतो, डगमगतो, गुण्या लावायला सरळ बाजू शोधावी लागते. कॅडमध्येही हाच क्रम ठेवा. ठोकळा, खाचा, मग त्रिकोण कापणं. फ्रीकॅडच्या 'झाडात' (केलेल्या पायऱ्या एकाखाली एक दिसतात तिथे) वरून खाली वाचलं की कामाची यादीच तयार.

मशीनवर कापताना दुसरी गोष्ट. मी प्लायची एक पाटी केली आहे, तिच्यावर पाय तिरका ठेवून ठोकळ्यांनी अडकवतो आणि पाटीसकट कटरवर ढकलतो. दोन बाजूंच्या उताराचा फायदा हा की बाहेरच्या दोन सरळ बाजू शेवटपर्यंत शाबूत असतात, त्याच पाटीला टेकवायच्या. पहिला काप झाला, पाय पाव वेढा फिरवला, दुसरा काप, त्याच खुणांवर. चारही बाजूंना उतार असेल तर तिसऱ्या-चौथ्या कापाला टेकायला सरळ बाजूच उरत नाही, पाटीवर दुप्पट तिरका ठेवायला लागतो. तिथे लोक चुकतात.

आणि कुहूताई, डावा-उजवा वेगळा लागत नाही. चारही पाय एकसारखेच.

कुहू

कसं काय? पुढच्या डाव्या पायाचा उतार उजवीकडे आणि मागे. पुढच्या उजव्याचा डावीकडे आणि मागे. वेगळेच झाले ना.

अर्धा_सूत

एक खडू घ्या, दोन लगतच्या बाजू ब्लेडने तासा, आणि टेबलाच्या चार कोपऱ्यांवर फिरवून ठेवून बघा.

कुहू

मुलीचा खडू तासला. तुमचं बरोबर आहे. वरून पाव वेढा फिरवला की पुढच्या कोपऱ्याचा पाय तयार. इतकी वर्षं मी आरशात घेत होते आणि सुताराला 'दोन डावे दोन उजवे' लिहून देत होते. त्याने कधी तोंडातून शब्द काढला नाही. बहुतेक मनातल्या मनात हसला असेल.

भैताड_इंजिनीअर

थांबा, पूर्ण बरोबर नाही. पाय चौकोनी असेल आणि दोन्ही उतार सारखे असतील तरच. पाय 60 बाय 40 असा आयताकृती असला तर डावा-उजवा वेगळा. आणि खाचांचं काय? लांब पट्टीची खाच खोल आणि आखूड पट्टीची उथळ असेल तर पाय पुन्हा जोडीचे होतात.

अर्धा_सूत

मान्य. खाचा सारख्या धरून बोललो होतो. माझ्याकडे सारख्याच असतात, नाहीतर भर पावसाळ्यात लाईट गेल्यावर कोणता पाय कोणत्या कोपऱ्याचा हे शोधत बसावं लागतं.

खाचांवरून आठवलं. तिफणवाला, 50 च्या पायात दोन्हीकडून खाचा खोल नेल्या तर आतमध्ये पट्ट्यांची टोकं एकमेकांवर आदळतात. ती टोकं 45 अंशात तिरपी छाटावी लागतात. कॅडमध्ये पाय आडवा कापून बघितला की हे दिसतं, आणि माझ्यासाठी कॅडचा खरा उपयोग इथेच सुरू होतो. उतार मला डोळ्यानेही दिसतो. लाकडाच्या पोटातली टक्कर दिसत नाही.

झाडीपट्टी

धागा वाचून मजा आली. मी आलापल्लीकडचा. आमच्या सागवानाचे पाय होणार असतील तर आम्हाला बोलायचा हक्क आहे. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहूनच सागवान गेलं, विसरू नका.

रिकामी_मोट

अयोध्येला गेलं ते दिसलं. आमच्या तहसीलच्या गावी गेलेलं अजून कोणाला दिसलं नाही, थेट कोणाच्या तरी दिवाणखान्यात निघतं.

झाडीपट्टी

😄 म्हणून सांगतो, टीपी (लाकूड वाहतुकीचा परवाना) जपून ठेवा. गिऱ्हाईक नागपूरचं आहे, गाडी रस्त्यात थांबवली तर कागद लागतो.

पण मला दुसरंच विचारायचं होतं. 50 च्या चौकोनातून 25 वर आणायचं म्हणजे सागवान वाया किती जातं? घनफुटाचा भाव बघता पोटात दुखलं.

भैताड_इंजिनीअर

माझीच वाट बघत होता ना?

710 उंचीचा अख्खा ठोकळा 1775 घनसेंटिमीटर. कापून जातात सुमारे 635. म्हणजे एका पायाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग, जवळपास 36 टक्के. हाताने मोजायची गरज नाही, फ्रीकॅड आकारमान सांगतं.

बाभूळकाटा

म्हून म्हणतो चारही बाजूनं तासत जाऊ नका. दोन बाजूनं तासलं त लाकूड कमी जाते.

भैताड_इंजिनीअर

काका, नाही जात. वरचा चौकोन 50, खालचा 25, उंची तीच. दोन बाजूंनी तासा नाहीतर चार बाजूंनी, आत उरतं ते सारखंच. म्हणजे बाहेर जातं तेही सारखंच.

बाभूळकाटा

आकडा सारखा असन बाप्पा. पण दोन बाजूच्या तासण्यातून पाचर निघते, बुडाशी इंचभर जाडीची. कुऱ्हाडीच्या दांड्याले लागते, बंडीले लागते, दाराखाली लागते. चार बाजूच्यातून निघते ती अर्ध्या इंचाची ढलपी. ती चुलीतच जाते. कॉम्प्युटरले पाचर अन् ढलपी यातला फरक समजते का?

पऱ्हाटी

काकांना 1 गुण. इंजिनीअरला 0.

भैताड_इंजिनीअर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(गंमत. काकांचं म्हणणं मान्य.)

ओळंबा

वाया जाण्यावर एक उपाय आहे, आणि तो मला कॅडमध्ये खेळता खेळताच सापडला. दोन पाय एकाच फळीतून उलटसुलट काढा. एकाचं डोकं दुसऱ्याच्या बुडाशेजारी. दोन ठोकळे शेजारी ठेवले तर रुंदी 100 लागते. उलटसुलट ठेवले तर कुठेही मोजा, दोघांची मिळून रुंदी 79 च्या थोडी वर जात नाही. मला वाटलं होतं 75 येईल, 50 आणि 25. पण वरचा 100 चा सरळ भाग आडवा येतो, त्यामुळे चार मिमी वाढतात. करवतीचे 3 आणि रंध्याचे थोडे धरून 85 ची फळी पुरावी.

हे एकाच उताराला लागू. दुसऱ्या बाजूचा उतार तासूनच द्यावा लागेल, तिथली पाचर काकांना.

अर्धा_सूत

ओळंबा, युक्ती छान, पण तुमचीच गोष्ट विसरलात की माझी? खाचा कधी पाडणार? फळीतून तिरका पाय निघाला की तो आधीच निमुळता झालेला असतो.

ओळंबा

हं. पकडलंत. वरचे 100 मिमी सरळच आहेत आणि बाहेरची बाजू शाबूत आहे, ती खाली टेकवून खाच पाडता येईल असं मला वाटतं. पण वाटणं पुण्यात बसून आहे.

अर्धा_सूत

येईल, पण पायाखाली आधाराला तीच कापलेली पाचर परत लावावी लागेल. मी करून बघितलं आहे एकदा, खुर्चीच्या पायांना. वेळ गेला तेवढ्यात लाकडाचे पैसे निघाले नाहीत. टेबल एकच असेल तर नको. वीस खुर्च्यांची ऑर्डर असेल तर विचार करा.

नवेगावची_मैना

मी गणिताची शिक्षिका, पाचवी ते आठवी. नवऱ्याने लिंक पाठवली. आमच्या शाळेत मुलांना ओपनस्कॅड दाखवते, तिथे आकार हाताने काढायचा नाही, लिहायचा. तुमचा हा पाय तिथे एका ओळीत होतो. 50 चा चौकोन, उंची 610, आणि स्केल 0.5. गंमत अशी की स्केल नेहमी मूळबिंदूच्या दिशेने आकसतो. चौकोनाचा कोपरा मूळबिंदूवर असेल (न सांगता तसाच असतो) तर दोन बाजूंचा उतार. चौकोन मध्यावर घ्या म्हटलं की चार बाजूंचा. म्हणजे ओळंबा यांनी सांगितलेली 'कोपरा मूळबिंदूवर' हीच गोष्ट, फक्त इथे ती टाळताच येत नाही.

लिहिलेला पाय बुडाकडून डोक्याकडे आकसतो, म्हणजे उलटा उभा राहतो. तो 180 अंशात फिरवावा लागतो. सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, टेबल उलटं ठेवलं तर?" त्याला मार्क दिले.

रिकामी_मोट

तो पोरगा पुढे मंत्री होणार.

सावलीतला_ऊन

जाता जाता विचारतो, एवढा बारीक पाय आपल्याकडे चालतो का हो? आमचं घर सारवलेलं होतं तेव्हा मामांनी शहरातून असलंच एक टेबल आणलं. चार दिवसांत चारही पाय जमिनीत रुतले. आजी म्हणाली, "पेरलं का टेबल?" पाऊस पडून कोंब फुटायची वाट बघत होतो.

अर्धा_सूत

फरशीवर रुतण्याचा प्रश्न नाही, पण फरशी धुताना पाणी बुडातून वर चढतं. लाकडाचं बूड म्हणजे नळ्यांचं तोंड. बुडाला दोन-तीन हात सीलर पाजा आणि खाली रबरी बूट घाला. 25 चौकोनाचा बूट हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी पाईपसाठी मिळतो, तोच बसतो. कॅडमध्ये बुटाची जाडी उंचीतून वजा करायला विसरू नका.

आणि बुडाच्या कडा जराशा मोडा. नाहीतर टेबल ओढलं की कडेची चिपळी निघते.

कुहू

दिसण्याबद्दल कोणी बोललंच नाही. उतार आतल्या बाजूंना असला की टेबल पाय रोवून उभं असल्यासारखं वाटतं. बाहेरच्या बाजूंना दिला तर पाय जवळ घेऊन चोरासारखं उभं राहतं. अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या लोकांची टेबलं बघा, उतार आतल्या बाजूंनाच. बाईंना हे सांगा, इसार वाढेल.

अजून एक. उंची, वरची जाडी, खालची जाडी हे आकडे थेट चित्रात टाकू नका. फ्रीकॅडमध्ये तक्ता असतो ना, त्यात नावं देऊन ठेवा. गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "पाय अजून थोडा बारीक करता येईल का?"

तिफणवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळंबादादांची तिसरी वाट घेतली, क्रम अर्धा_सूत काकांचा: ठोकळा, खाचा, त्रिकोण. पंधरा मिनिटांत पाय उभा राहिला. आकडे तक्त्यात घातले. तिरपी छाटलेली पट्ट्यांची टोकंही काढली, आणि खरंच, आधी ती आत 6 मिमी एकमेकांत घुसली होती.

बाबांसाठी कागदावर माप काढून नेलं. शहाणपणा करून दर 100 मिमीला जाडी लिहून दिली: 50, 45.9, 41.8, 37.7, असं खालपर्यंत. बाबांनी चष्मा लावला, कागद बघितला, म्हणाले, "रेघ सरळ हाये ना? मंग मधले आकडे कोणासाठी?" आणि पेन्सिलीने मधले सगळे खोडून टाकले. उरले दोन आकडे. वर 50 आणि खाली 25, तेही त्यांनी '2 इंच' आणि '8 सूत' असे करून घेतले.

बाभूळकाटा

तुह्या बापाले माह्या रामराम.

झाडीपट्टी

बाईंनी इसार दिला का?

तिफणवाला

दिला. फिरवून बघितलं, म्हणाल्या, "पाय अजून थोडा बारीक करता येईल का?" कुहूताईंची आठवण झाली. तक्त्यात 25 चे 22 केले, दाखवले, म्हणाल्या, "नाही, आधीचंच छान होतं."

कुहू

🙏 नेहमीचंच.

तिफणवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. टेबल झालं, पॉलिश चाललंय. पण एक घोळ झाला तो सांगायला पाहिजे, कारण तो चित्रातून आला.

तीन पाय बाबांनी कापले, चौथा मी. लाईट साडेपाचला जाणार होती, घाई होती. पाय पाटीवर ठेवला, पहिला काप बरोबर. फिरवताना उलट्या दिशेने वेढा दिला. दुसरा उतार गेला बाहेरच्या बाजूला, आणि त्याच्या समोरची खाच असलेली बाजू तशीच सरळ. मशीन बंद झाल्यावर समजलं.

बाबांच्या तिन्ही पायांवर डोक्याला, जो भाग फळ्याखाली झाकला जातो तिथे, पेन्सिलीचा एक कोन काढलेला होता, बाहेरचा कोपरा कोणता ते सांगणारा. मी विचारलं, हे मला का नाही सांगितलं? म्हणाले, "तुह्या कॉम्प्युटरमंदी असन असं वाटलं."

कॉम्प्युटरमध्ये नव्हतं. तिथे चारही बाजू एकाच करड्या रंगाच्या. तर प्रश्न हा: चित्रातच बाहेरच्या बाजू ओळखू येतील अशी सोय आहे का?

ओळंबा

आहे. फ्रीकॅडमध्ये एकेका बाजूला वेगळा रंग देता येतो. पण रंग फक्त पडद्यावर राहतो, छापलेल्या रेषाचित्रात येत नाही. त्यापेक्षा पायाच्या डोक्यावर, बाहेरच्या कोपऱ्यात, 1 मिमी खोल एक छोटा त्रिकोण पॉकेट करून टाका. कागदावरही दिसेल आणि पाय फिरवला तर त्याच्याबरोबर फिरेल. तुमच्या वडिलांची खूण, जशीच्या तशी. मी पण आजपासून हेच करणार आहे.

अर्धा_सूत

मी खडूने फुली मारतो. एकदा पॉलिशवाल्या पोराने पाण्याने पुसून टाकली होती. पटाशीने खूण पाडणं चांगलं.

पाचव्या पायाचं लाकूड होतं का शिल्लक?

तिफणवाला

होतं, दारांच्या चौकटीतला एक तुकडा. रंग किंचित गडद आहे, पॉलिशने लपेल असं बाबा म्हणतात. मला दिसतोच आहे, पण तो पाय भिंतीकडे ठेवायला सांगणार.

सावलीतला_ऊन

अन् चुकलेल्या पायाचं काय केलं? कूलरच्या स्टँडला लावा, आपल्याकडे सगळं शेवटी तिथेच जातं.

तिफणवाला

पोळा जवळ आला आहे. पुतण्या तान्ह्या पोळ्यासाठी नंदी मागतोय, तर बाबांनी त्याच पायाचे चार तुकडे केले, जेमतेम सात-सात इंचाचे, नंदीचे पाय म्हणून.

भैताड_इंजिनीअर

एकाच निमुळत्या पायाचे चार तुकडे? म्हणजे पहिला तुकडा जवळपास 50 जाडीचा आणि शेवटचा 25 च्या आसपास?

तिफणवाला

हो. पुढचे दोन जाड, मागचे दोन बारीक. पुतण्या म्हणतो माह्या नंदी धावून राह्यला.